कार्डिगन: लोकरीशी काही नातं नाही

प्रश्न असा आहे: कार्डिगन आणि स्वेटर यांत फरक काय, आणि 'कार्डिगन' हा शब्द लोकर पिंजण्याच्या 'कार्डिंग'वरून आला का?

फरक एका ओळीचा. समोरून उघडं, सहसा बटणपट्टी असलेलं ते कार्डिगन; डोक्यातून घालायचा तो पुलओव्हर; स्वेटर म्हणजे दोन्ही. 'डोक्यातून घालायचं कार्डिगन' अशी दुकानातली पाटी म्हणजे बिनचाकांची सायकल.

'कार्डिंग'चा मात्र काडीचाही संबंध नाही. त्या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या एका काटेरी झुडपाच्या नावात आहे. कार्डिगन हे वेल्समधलं गाव, आणि कपड्याला ते नाव चिकटलं सातव्या अर्ल ऑफ कार्डिगनमुळे (अर्ल हा ब्रिटिश उमरावांचा एक दर्जा). याच गृहस्थाला मराठी लेखांतून 'लॉर्ड जेम्स कार्डिगन' म्हणतात, ते वाचून डोकं उठतं. त्याचं आडनाव ब्रुडनेल. कार्डिगन ही पदवी. 'लॉर्ड' पुढे पाळण्यातलं नाव लागतं ते ड्यूक किंवा मार्क्विस या अर्लहून वरच्या उमरावांच्या धाकट्या मुलांना. क्रिमियाच्या युद्धातला त्याचा सरसेनापती ड्यूक ऑफ बोफर्टचा धाकटा मुलगा, म्हणून 1852 पर्यंत 'लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट'; त्या वर्षी स्वतःची पदवी मिळाल्यावर 'लॉर्ड रॅग्लन'. आपला जेम्स 1797 चा. बाप अर्ल झाल्यापासून वारस म्हणून तो 'लॉर्ड ब्रुडनेल', आणि 1837 मध्ये बाप वारल्यावर 'लॉर्ड कार्डिगन'. वारसाची पदवी नुसती मानाची असते, म्हणून 'लॉर्ड' असूनही तो 1818 पासून हाउस ऑफ कॉमन्स या निवडून आलेल्यांच्या सभागृहात बसू शकला. खरा अर्ल झाल्यावर रवानगी उमरावांच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये.

आता खरी गंमत. त्या गावाला वेल्श लोक कार्डिगन म्हणतच नाहीत. ते म्हणतात आबेरतैवी, म्हणजे तैवी नदीचं मुख. इंग्रजांनी गावाला सगळ्या मुलखाचं नाव दिलं, तेही मोडून. मुलूख 'केरेडिगिऑन': केरेडिग हा पाचव्या शतकातला, परंपरेनं सांगितला जाणारा राजा, आणि 'इऑन' म्हणजे त्याचा प्रदेश. आजच्या वेल्शमध्ये 'कॅरेडिग' म्हणजे प्रेमळ, मायाळू. राजाचं नाव त्याच धातूतलं असावं असं मला ठामपणे वाटतं. 'कोरोटिकस' हे त्या नावाचं जुनं लॅटिन रूप पुढे करून नाक मुरडणारे मुरडोत. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्यानं परकं नाव कानाला लागलं तसं टिपलं असणार. त्यावरून धातू ठरवायचा तर 'पूना'वरून पुण्याची व्युत्पत्ती लावावी लागेल!

आणि मायाळूपणाची ही पदवी आली कोणाकडे? हुद्दे पैसे मोजून घेण्याचा तो काळ. याने 1832 मध्ये पंधराव्या हुसार या घोडदळाच्या पलटणीचं नेतृत्व घेतलं, हाताखालच्या कॅप्टनवर भरलेला खटला अंगाशी आला आणि 1834 मध्ये ते गेलं. दोन वर्षांत अकरावी लाइट ड्रॅगून्स ही दुसरी घोडदळ पलटण हाती आली. 1840 मध्ये मेसच्या टेबलावर काळी बाटली दिसली म्हणून कॅप्टन रेनल्ड्सला अटक. याचा राग पोर्टर या काळ्या बिअरवर. बाटलीत होती मोझेल वाइन. त्याच सप्टेंबरात लंडनजवळच्या विम्बल्डन कॉमन या माळावर कॅप्टन टकेटशी पिस्तुलांचं द्वंद्व. टकेट जखमी झाला. फेब्रुवारी 1841 मध्ये खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे चालला, कारण उमरावाचा न्याय उमरावांनीच करायचा. आरोपपत्रात जखमीचं नाव 'हार्वी गार्नेट फिप्स टकेट'. हा आणि गोळी लागलेला कॅप्टन टकेट एकच, हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. आरोपी निर्दोष! नावाच्या नेमकेपणाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

25 ऑक्टोबर 1854 ला क्रिमियातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईत सुमारे 670 घोडेस्वार घेऊन तो समोरच्या रशियन तोफांवर चालून गेला. हुकूम चुकीचा पोचला होता. इंग्लंडात परतला तो नायक म्हणून, आणि लोकरी जाकिटाला त्याचं नाव लागलं. शेकोटीत त्याच्या कोटाची शेपटं जळाली आणि त्यातून कार्डिगन जन्मलं, ही कथा कोश उतरवून घेतात, पुरावा कोणी देत नाही. रॅग्लन बाहीची कथाही तशीच: लॉर्ड रॅग्लनचा हात गेला म्हणून ती बेतली म्हणे. हात गेला वॉटर्लूला, 1815 मध्ये. बाहीचं नाव रुळलं 1850 च्या दशकात. शिंपी इतकी वर्षं माप घेत बसला होता का?

ही बाही ओळखायची खूण शिवणीत. साध्या बाहीची शिवण खांद्याच्या टोकावरून काखेत उतरते. रॅग्लनची गळ्यापासून तिरकी काखेपर्यंत. गळ्याकडून विणायला घेतलं तर चारही तिरक्या रेषांच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका, म्हणजे एका सुईआड (एक ओळ सोडून) आठ टाके वाढवायचे. प्रत्येक सुईला वाढवले तर बाह्या भराभर रुंद होतात, पण काखेपर्यंतची लांबी भरत नाही आणि कार्डिगन काखेत काचतं.