चहा तर स्वस्त झाला होता, मग भांडण कशाचं?

या महिन्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्यावर एकदम बरेच प्रश्न आलेत. सगळे घेता येणार नाहीत, काही निवडले.

प्रश्न : काका, मी दहावीत आहे. पुस्तकात 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' असं दिलंय. पण नेटवर वाचलं की चहावरचा कर अगदी किरकोळ होता आणि उलट चहा स्वस्तच झाला होता. मग एवढं चिडायचं काय कारण? (नाशिकहून एक विद्यार्थी)

उत्तर : बरोबर वाचलंयस तू. कर होता एक पौंड वजनाच्या (साधारण अर्धा किलो) चहाला ३ पेन्स. आणि १७७३ च्या चहा कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला (हो, तीच आपली कंपनी, तेव्हा कर्जात बुडालेली आणि गोदामात न खपलेल्या चहाचे ढीग) थेट अमेरिकेत माल पाठवायची सूट मिळाली, त्यामुळे तिचा चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. म्हणजे नुसता खिशाचा हिशोब केला तर बोस्टनच्या लोकांनी खूश व्हायला हवं होतं. पण १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री त्यांनी ३४२ पेट्या समुद्रात ओतल्या.

का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. १७६३ ला फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं, इंग्लंड जिंकलं पण कर्जाचा डोंगर झाला, तेव्हा पार्लमेंटने विचार केला की हे युद्ध अमेरिकेच्या रक्षणासाठी पण होतं तर त्यांनीही थोडा भार उचलावा. तसं बघितलं तर मागणी अगदीच अन्यायाची नव्हती असं मला वाटतं. मग १७६५ ला स्टॅम्प अॅक्ट आला. कोर्टाचे कागद, करारपत्रं, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांचे कॅट आणि फासे सुद्धा, सगळ्यावर शिक्का पाहिजे. आपण घराच्या भाडेकराराला आजही स्टॅम्प पेपर घेतो आणि कुरकुर करून गप्प बसतो, तिकडे मात्र दंगे झाले, शिक्के विकायला नेमलेल्या लोकांच्या घरांवर जमाव चालून गेले आणि त्यांना राजीनामे द्यायला लावले.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. आमच्या प्रत्येक वसाहतीत निवडून आलेली सभा आहे, व्हर्जिनियाची तर १६१९ पासून आहे, कर लावायचा तर ती लावेल. लंडनच्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही. यावर लंडनचं उत्तर असं की प्रत्येक खासदार सगळ्या साम्राज्याचा विचार करतो, म्हणून तुमचंही प्रतिनिधित्व आपोआप होतंच. हे उत्तर तिकडे कोणालाच पटलं नाही, पटण्यासारखं नव्हतंच.

१७६६ ला स्टॅम्प अॅक्ट मागे घेतला. पण त्याच वेळी दुसरा कायदा केला की वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदे करायचा पूर्ण अधिकार पार्लमेंटला आहे. झालं, खरं भांडण इथे आहे. पुढे १७६७ ला काच, कागद, रंग, शिसं आणि चहा यांच्यावर कर लावले, बहिष्कार झाला, मग १७७० मध्ये बाकीचे काढले आणि चहाचा मुद्दाम ठेवला, अधिकार सोडला नाही हे दाखवायला. म्हणून तो स्वस्त चहा विकत घेणं म्हणजे तुमचा अधिकार आम्ही मानला असं होणार होतं. आज ३ पेन्स, उद्या किती ते कोण ठरवणार, हा मुद्दा. परीक्षेत एवढं लिहिलंस तरी पुरे.

प्रश्न : मॅग्ना कार्टा १२१५ चा, तोही राजा आणि सरदारांमधला करार. त्याचा साडेपाचशे वर्षांनी समुद्रापलीकडच्या लोकांशी काय संबंध? हे थोडं ओढूनताणून वाटतं. (पुण्याच्या एक वकील वाचक)

उत्तर : मॅडम, तुमची शंका रास्त आहे. इंग्लंडमधल्या रनीमीडला जॉन राजाने जो कागद मान्य केला त्यात 'मुक्त माणूस' असा शब्द आहे आणि तेव्हा इंग्लंडमधले बरेच शेतकरी मुक्त नव्हतेच. पण त्यातल्या दोन कलमांची कल्पना टिकली. एक, बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कोणाला कैद करायचं नाही. दुसरं, राज्यातल्या प्रमुख लोकांच्या संमतीशिवाय राजाने ठराविक कर घ्यायचे नाहीत. हे दुसरं तर पुढच्या आवृत्त्यांमधून गाळलं सुद्धा होतं! सतराव्या शतकात एडवर्ड कोक या न्यायाधीशाने जुनं बाड बाहेर काढून राजाविरुद्ध वापरलं, मग १६२८ ला पिटिशन ऑफ राइट (पार्लमेंटने राजाकडे केलेली हक्कांची मागणी), १६७९ ला हेबियस कॉर्पसचा कायदा (कैद्याला कोर्टापुढे हजर करायला लावणारा), १६८९ ला बिल ऑफ राइट्स (राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारा कायदा). आणि नेमक्या याच शतकात लोक जहाजात बसून अमेरिकेला जात होते, म्हणजे ही सगळी भांडणं डोक्यात घेऊनच गेले. व्हर्जिनियाच्या १६०६ च्या सनदेत लिहूनच दिलं होतं की तिथे जाणाऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखे सगळे हक्क राहतील. १६८७ मध्ये विल्यम पेनने फिलाडेल्फियात मॅग्ना कार्टा छापून वाटला. तिकडचे वकील कोक वाचूनच वकिली शिकत.

तुम्ही वकील आहात म्हणून एक केस सांगतो, मला ती चहापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. कस्टमवाल्यांकडे एक सरसकट झडतीचं वॉरंट असायचं, त्यात ना घराचं नाव ना मालाचं, कुठेही घुसा. त्याची मुदत राजाच्या हयातीपर्यंत आणि वर सहा महिने. १७६० ला दुसरा जॉर्ज वारला, वॉरंट नवीन काढायची वेळ आली आणि १७६१ मध्ये बोस्टनच्या कोर्टात जेम्स ओटिस त्याविरुद्ध उभा राहिला. तासन् तास बोलला. केस हरला. पण ऐकायला तरुण जॉन अॅडम्स बसला होता, त्याने म्हातारपणी लिहिलं की स्वातंत्र्याचं बाळ तिथे जन्मलं. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती, जी झडतीच्या वॉरंटमध्ये जागा आणि वस्तू स्पष्ट लिहायला लावते, ती सरळ या रागातून आलेली आहे.

ज्यूरीचंही (खटल्यात निवाडा देणारे सामान्य नागरिक) तसंच. चोरटा व्यापार करणाऱ्याला गावातली ज्यूरी सोडून द्यायची, म्हणून सरकारने असे खटले ज्यूरी नसलेल्या नौदल कोर्टाकडे दिले. आणि चहाच्या प्रकारानंतर १७७४ मध्ये जे कायदे आले त्यांनी बोस्टनचं बंदर बंद केलं, गावसभा गव्हर्नरला विचारल्याशिवाय वर्षातून एकदाच घ्यायची असं ठरवलं, आरोपी सरकारी अधिकाऱ्यांचे खटले इंग्लंडला नेता येतील असं केलं. त्या लोकांच्या नजरेत हे नवे जुलूम नव्हतेच, १२१५ आणि १६८९ ला मिळवलेलं एकेक कलम परत काढून घेतलं जात होतं.

आता अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा परत वाचून बघा. त्यातलं सुरुवातीचं 'सगळी माणसं समान' हे सुंदर वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण कागदाचा मोठा भाग म्हणजे २७ तक्रारी आहेत, सरळ आरोपपत्र. बांधणी १६८९ च्या बिल ऑफ राइट्ससारखीच, आधी राजाचे गुन्हे मग निकाल. आणि वकिली डोकं कसं असतं बघा, त्यात पार्लमेंटचं नावच घेतलेलं नाही. राजाने 'इतरांशी' हातमिळवणी केली एवढंच. कारण त्यांची भूमिका अशी की आमच्या सनदा राजाच्या, आमचा करार राजाशी, पार्लमेंटचा आमच्यावर अधिकारच नव्हता तर त्याच्यापासून सुटका कसली मागायची? जुलै १७७५ पर्यंत तर ते राजाला समेटाचा अर्जच पाठवत होते. त्याने तो स्वीकारला नाही, ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवलं, डिसेंबरमध्ये त्यांची जहाजं जप्त करायचा कायदा झाला. राजा रक्षण करतो म्हणून प्रजा निष्ठा ठेवते, हे जुनं इंग्लिश तत्त्व, रक्षण काढलं तर निष्ठाही संपली. तेव्हा कुठे इंग्रज म्हणून असलेल्या हक्कांवरून ते माणूस म्हणून असलेल्या हक्कांवर आले. इंग्रजी कायद्याचा रस्ता पुढे बंदच झाला होता ना.

प्रश्न : त्या काळात मराठे काय करत होते? काही संबंध येतो का? (सातारा)

उत्तर : येतो की. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२, म्हणजे अगदी तेच दिवस. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणवीसांकडे येऊन बसला होता आणि इंग्रजांची झोप उडाली होती. १७७९ ला वडगावला इंग्रजांना नमतं घ्यावं लागलं. आणि १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन आपल्याच माथी आला.

प्रश्न : सगळी माणसं समान म्हणाले आणि घरात गुलाम ठेवले. हा ढोंगीपणा नाही का? (औरंगाबाद)

उत्तर : आहे, सारवासारव करत नाही. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा जेफरसन स्वतः गुलामांचा मालक, त्याने गुलामांच्या व्यापारावरून राजाला दोष देणारा परिच्छेद लिहिला होता तोही काँग्रेसने (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) उडवला. शेवटच्या तक्रारीत मूळ रहिवाशांना निर्दय रानटी म्हटलंय. आणि नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मुक्त, तेव्हा त्या मालकांच्या दृष्टीने तीही एक तक्रारच झाली.

पण ज्यांना वगळलं त्यांनीही तेच शब्द उचलले हे विसरू नका. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत सगळे जन्मतः स्वतंत्र आणि समान असं लिहिलं होतं. मम बेट नावाच्या एका गुलाम बाईने त्याच आधारावर १७८१ मध्ये मालकावर दावा लावला आणि जिंकली. एलिझाबेथ फ्रीमन असं नाव घेतलं आणि ज्या वकिलाने तिची केस लढवली त्याच्याच घरी पगारावर काम करायला लागली.

राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याला आपले पुढारी हिंदुस्थानचा मॅग्ना कार्टा का म्हणायचे, असा प्रश्न सोलापूरहून आलाय. चांगला आहे, पण दोन ओळीत उरकण्यासारखा नाही, पुढच्या अंकात घेतो.