विनिपेगला गाडी घेताय? आधी टायर बघा

भाऊ, तुमचा प्रश्न असा की ऑक्टोबरात नागपूरचं मनीषनगर सोडून कॅनडात विनिपेगला येताय, तर ऑल व्हील ड्राइव्हची, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशी, एसयूव्ही घेतली म्हणजे हिवाळी टायरचा खर्च वाचेल का. नाही वाचणार. मीही हाच हिशेब करून आलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

माझा पहिला नोव्हेंबर. सेकंड हँड एसयूव्ही, ऑल व्हील, टायर मात्र ऑल सीझन, म्हणजे बारमाही वापराचे. घराजवळच्या स्टॉपच्या पाटीपाशी वेग होता जेमतेम 25. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथर सुरू झाली, आणि गाडी काही आवाज न करता सरकत सरकत चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. नागपूरच्या व्हरायटी चौकात असतो तर दहा माणसं जमली असती. इथं कुत्रंही नव्हतं, म्हणून वाचलो.

ऑल व्हील ड्राइव्ह गाडी पुढे ढकलायच्या कामाची. बर्फात रुतलेली गाडी काढायला, चढावर सुटायला उत्तम. पण ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबणं आणि वळणं हे रस्त्याला टेकलेल्या रबराच्या हातात. उलट ऑल व्हील जरा फसवते: सिग्नलवरून झटक्यात सुटते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे ते कळतच नाही. कळतं ते पुढच्या सिग्नलला.

आता रबर. साधारण 7 अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं, आणि कडाक्याच्या थंडीत ऑल सीझनचंही तेच होतं. नागपुरात पारा 8-10 वर आला की आपण कपाटातून स्वेटर बाहेर काढतो. टायरची पंचाईत साधारण तिथूनच सुरू होते. खोडरबर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी कागदावर घासून बघा, म्हणजे समजेल. इथं जानेवारीत उणे 30 च्या रात्री येतातच. हिवाळी टायरचं रबर त्यातही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात.

विकत घेताना टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह बघा. नुसतं ‘एम प्लस एस’ (M+S, मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर भुलू नका. ते बहुतेक ऑल सीझनवरही असतं. कॅनडाच्याच क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायरची सक्ती आहे. मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, नाही, म्हणून गाडी विकणारा बिनधास्त ‘ऑल सीझन चालतात’ म्हणेल. चालतात हो, थांबत नाहीत!

टायर चारही बदला. इंजिन पुढची चाकं फिरवतं म्हणून दोनच पुढे लावायचे, ही काटकसर मी एकाला करताना पाहिली आहे: पुढची चाकं धरतात, मागची सुटतात, आणि वळणावर गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. वेगळ्या रिमवर बसवून घेतले तर दरवर्षीची अदलाबदल सोपी जाते. ऑक्टोबर संपायच्या आत बसवा. पहिला बर्फ पडला की टायरच्या दुकानात मंगल कार्यालयातल्या पंगतीसारखी गर्दी. एप्रिलमध्ये काढून ठेवा, मऊ रबर गरम डांबरावर लवकर झिजतं.

विनिपेग तळहातासारखं सपाट आहे, घाट-बिट काही नाही. तेव्हा माझं मत स्पष्ट: पुढच्या चाकांवर चालणारी साधी सेडान आणि चार चांगले हिवाळी टायर. इंजिनाचं वजन त्याच चाकांवर असतं, पकड पुरते. शहराबाहेर कच्च्या रस्त्याला राहणार असाल तर ऑल व्हील घ्या, पण टायरचे पैसे बाजूला काढून.

आभाळातून पडलेलं हिम असो की रस्त्यावर गोठलेलं पाणी, आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, पण गाडीला फरक पडतो. ताजा भुसभुशीत बर्फ परवडला. भीती त्या काचेसारख्या थराची, जो ओल्या डांबरासारखा दिसतो. गंमत म्हणजे उणे 25 पेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. आणि कडक थंडीत मीठ काम करत नाही, मग चौकात वाळू टाकतात.

हवा बघत राहा: पारा साडेपाच अंश उतरला की टायरमधल्या हवेचा दाब साधारण 1 पीएसआयने (पंपावर हवा मोजतात ते एकक) कमी होतो. आणि गाडीला ब्लॉक हीटर आहे ना, तेवढं घेण्याआधी विचारा. विजेवर इंजिन गरम ठेवणाऱ्या त्या हीटरची वायर बोनेटच्या पुढे लोंबकळते. बाबा आले तेव्हा पार्किंगमध्ये ओळीनं लोंबणारे प्लग बघून म्हणाले, ‘काहून रे, इथं सगळ्याच गाड्या बॅटरीवर चालतात काय?’