छोट्या बेटराष्ट्रांच्या मुत्सद्द्यांना नेमकी कोणती डिजिटल कौशल्यं शिकवावीत? ऑनलाइन कोर्स पुरतो का?

ट्विटर सोडून काहीही शिकवा. जरा चिडून लिहितोय, कारण याच विषयावरून माझं एका साहेबांशी वाजलं होतं.

भारत सरकार 1964 पासून आयटेक योजनेत परदेशी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देतं. त्यातल्या काही कोर्सेसना मी पुण्यात शिकवायला जायचो. एकदा बेटांवरच्या परराष्ट्र खात्यांतली बॅच आली. समन्वयक साहेबांनी वेळापत्रक आधीच छापून ठेवलेलं: हॅशटॅग, इन्फोग्राफिक, 'डिजिटल डिप्लोमसीचं भवितव्य'. आदर्श कुठला, तर मालदीवने 2007 मध्ये 'सेकंड लाइफ' या आभासी जगात थाटलेला दूतावास. आज तिथे व्हिसा मागायला कोण जातं, हे साहेबांना विचारायचं नाही.

चहाच्या वेळी पॅसिफिकमधल्या एका बाईंनी त्यांचं न्यूयॉर्कचं काम सांगितलं. संयुक्त राष्ट्रांतल्या त्यांच्या देशाच्या मिशनमध्ये, म्हणजे कायमच्या कचेरीत, माणसं इनमिन तीन. महासभेच्या मुख्य समित्या सहा, आणि बैठका एकाच वेळी. ठरावाचा सुधारित मसुदा रात्री उशिरा येणार आणि सकाळी देशाची भूमिका मांडायची. बाई दोन प्रिंटआउट शेजारी ठेवून बोटाने ओळ न् ओळ जुळवायच्या. मी लॅपटॉप उघडला आणि वर्डमधल्या 'रिव्ह्यू'तलं 'कम्पेअर' दाबून दोन्ही मसुदे ताडून दाखवले. बदल तांबडे होऊन समोर आले. निधी कधीपर्यंत द्यायचा ती तारीखच मधल्या एका परिच्छेदातून कुणीतरी उडवली होती. बाई काही बोलल्या नाहीत, वही काढून पायऱ्या लिहून घ्यायला लागल्या. मागून आणखी दोघे खुर्च्या ओढत आले. दुपारचं हॅशटॅगचं सत्र बारगळलं.

संध्याकाळी साहेबांनी सुनावलं, "हे क्लार्कचं काम आहे. डिप्लोमॅटना हे काय शिकवता?" अहो, तीन माणसांच्या मिशनमध्ये क्लार्क आणायचा कुठून?

तेव्हा शिकवायचं ते हे: मसुदे ताडणं, संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रं क्रमांकावरून शोधणं, आणि फायली अशा ठेवणं की अधिकाऱ्याची बदली झाली तरी मागचा पत्रव्यवहार त्याच्या खासगी जीमेलबरोबर जाणार नाही. शिवाय पासवर्ड आणि बॅकअप. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये पॅसिफिकमधल्या वानुआटू या बेटराष्ट्राचं सरकारी नेटवर्क सायबर हल्ल्याने बसलं, तेव्हा कारभार खासगी मेल आणि कागदावर आला होता.

ऑनलाइनचं म्हणाल तर पुरतो, पण व्हिडिओच्या जिवावर नको. माल्टा आणि स्वित्झर्लंडने 2002 मध्ये उभी केलेली डिप्लो फाउंडेशन कितीतरी वर्षं लेखी मजकूर आणि त्यावरच्या चर्चेतून शिकवत आली आहे. टोंगाची समुद्राखालची केबल जानेवारी 2022 च्या ज्वालामुखीत तुटली आणि जोडायला महिना उलटून गेला. तिथे लाइव्ह वेबिनार काय कामाचा?

पॅसिफिकमधल्याच तुवालूचे मंत्री सायमन कोफे 2021 मध्ये गुडघाभर समुद्रात उभे राहून हवामान बदलावर बोलले आणि ते भाषण जगभर फिरलं, तेव्हा साहेबांनी व्हिडिओ मला आवर्जून पाठवला. गाजलं, मान्य. पण हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेणारा ठराव वानुआटूने 29 मार्च 2023 ला महासभेत एकमताने मंजूर करून घेतला तो मसुद्यावर शब्दाशब्दाला घासाघीस करून आणि एकेका देशाला गाठून. शंभराहून जास्त देश सहप्रस्तावक झाले. जुलै 2025 मध्ये न्यायालयाचं मतही आलं. त्या ठरावाची, 77/276 ची, लिंक मी साहेबांना पाठवली. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही.

हे सगळं मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांबद्दल. राजदूतांना शिकवायची वेळ माझ्यावर आली नाही. सिंगापूरही बेटच आहे, पण ते इतरांना शिकवतं, त्याला यात धरू नका. आणि लाइव्ह सत्र ठेवायचंच असेल तर पॅसिफिक आणि कॅरिबियन वेगळे ठेवा. पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा फिजीत दुपारचे साडेचार असतात आणि जमैकात आदल्या रात्रीचे साडेअकरा.