फॉर्मिक लावलं आणि माशा पेटीबाहेर आल्या

प्रश्न : नमस्कार सर, आमची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे, परागीभवनासाठी मी मेलिफेराच्या (युरोपियन मधमाशीच्या) पेट्या ठेवते. माशांच्या अंगावर वरोवा (माशांवर जगणारा बारीक किडा) दिसला म्हणून मार्चच्या शेवटी ८५ टक्के फॉर्मिक ॲसिडच्या बाटल्या ठेवल्या, दुकानदार म्हणाला डबल लावा लवकर जाईल. दुसऱ्या दिवशी दुपारी माशा बाहेर येऊन पेटीला लटकल्या, दारात पांढऱ्या अळ्या पडल्यात आणि दोन पेट्यांत राणी सापडत नाहीये. नवीन राण्या मागवू का? बाटल्या भरताना सासऱ्यांना खोकलाही लागला. – एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : ताई, राण्या लगेच मागवू नका. आधी सगळ्या बाटल्या बाहेर काढा, पेटीचं दार पूर्ण मोकळं करा, वर सावली करा आणि जवळ पाणी ठेवा. माशा लटकल्या त्या आतल्या वाफेने, वाफ ओसरली की बहुतेक परत आत जातात. फॉर्मिक वाईट औषध नाही, उलट पोळ्यातल्या झाकलेल्या घरात, जिथे पिल्लं वाढतात, तिथे शिरून आतला वरोवा मारणाऱ्या मोजक्या औषधांपैकी हे एक आहे आणि वरोवा पिल्लं घालतो ते तिथेच, पण जी वाफ झाकणातून आत जाते तीच अंडी आणि कोवळ्या अळ्यांनाही लागते. उन्हात ॲसिड भराभर उडतं आणि डोस आपोआप वाढतो, तुमच्याकडे तर तो आधीच डबल होता. परदेशात फॉर्मिकच्या तयार पट्ट्या मिळतात त्यांच्यावर साधारण २९ अंशांच्या वर लावू नका असं लिहिलेलं असतं, आणि सोलापूरचा मार्चअखेर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडची नेहमीची पद्धत म्हणजे छोट्या बाटलीत ५ मिली, तोंडाला कापसाची वात, रोज भरून १५ दिवस, आणि तेही थंडीत. त्याच्या वर जायचं नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आता राणी. फॉर्मिकनंतर राणी काही दिवस अंडी घालणं थांबवते आणि फ्रेमवर (पोळ्याच्या चौकटीवर) दिसतही नाही, म्हणून राणी शोधत बसू नका, अंडी शोधा. अंडं तीन दिवसच अंडं असतं, त्यामुळे ताजं अंडं दिसलं म्हणजे तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी आत होती. आठवडाभराने बघूनही काहीच दिसलं नाही तर चांगल्या पेटीतली अंडी आणि बारीक अळ्या असलेली एक फ्रेम, त्यावर राणी नाही ना हे बघून, या पेटीत द्या. तीन-चार दिवसांत कामकऱ्यांनी त्यावर राणीघरं (नवी राणी वाढवायची मोठी घरं) ओढली तर राणी गेली समजा, नाही ओढली तर बहुतेक आहे. राणीघरं असतील तर तोडू नका. अंड्यापासून १६ दिवसांत राणी बाहेर येते, मग मिलन होऊन अंडी सुरू व्हायला धरून महिनाभर जातो. पेटी इतकी कमजोर असेल की महिना काढणार नाही, तर मधे वर्तमानपत्राचा कागद टाकून शेजारच्या पेटीला जोडा. कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो आणि मारामारी होत नाही. या काळात एकास एक साखरपाणी संध्याकाळी द्या, आणि दुसरं कुठलंही औषध लावू नका, मनात कितीही धाकधूक असली तरी.

मला मनापासून वाटतं की मोजल्याशिवाय औषध लावूच नये. बरणीला जाळीचं झाकण, त्यात अर्धा कप माशा म्हणजे साधारण ३००, राणी नाही ना हे दोनदा बघा, दोन चमचे पिठीसाखर टाकून मिनिटभर थांबा आणि पांढऱ्या ताटावर हलवा. साखरेबरोबर वरोवा पडतो, माशा जिवंत परत जातात. ९ किंवा जास्त पडले म्हणजे ३ टक्के, मग उपाय करायलाच हवा. ताटातला किडा खेकड्यासारखा आडवा रुंद असेल तर वरोवा, लांबट आणि सरसर पळणारा असेल तर तो ट्रोपिलीलॅप्स, माशांवरचाच दुसरा किडा, त्याला ब्रूडशिवाय (पोळ्यातल्या अळ्या-कोषांशिवाय) फार दिवस जगता येत नाही.

उन्हाळ्यात मी तरी ॲसिडची वाफ टाळीन आणि राणीला २४ दिवस पिंजऱ्यात ठेवीन, म्हणजे नवी अंडी पडत नाहीत. तेवढ्यात कामकरी (२१ दिवस) आणि नर (२४ दिवस) सगळे बाहेर येतात, ट्रोपिलीलॅप्स उपाशी मरतो आणि वरोवाला लपायला घर उरत नाही. मग मधाच्या फ्रेम काढून ऑक्झॅलिक ॲसिड, एक लिटर एकास एक साखरपाण्यात ३५ ग्रॅम, दोन फ्रेममधल्या प्रत्येक फटीत ५ मिली, पेटीला ५० मिलीच्या वर नाही. एकदाच. परत परत ओतलं तर माशांचं आयुष्य घटतं. ऑक्झॅलिक झाकणातून जात नाही, म्हणून ब्रूड भरलेलं असताना ते लावून अर्धाच फायदा होतो.

सासऱ्यांचा खोकला थांबला नसेल किंवा छातीत आवळल्यासारखं वाटत असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वेळी रबरी ग्लोव्हज, चष्मा, वाऱ्याकडे पाठ, आणि पातळ करायचं असेल तर ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. कातडीवर पडलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा.

प्रश्न : माझ्याकडे सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेट्या आहेत, एका माशीवर वरोवा दिसला. फॉर्मिक लावू का? – एक वाचक, जावळी, जि. सातारा

उत्तर : नको दादा. वरोवा मूळचा सातेरीचाच, तिला त्याची सवय आहे. माशा एकमेकींच्या अंगावरून तो काढून चावतात, आणि सातेरीत तो मुख्यतः नरांच्या घरातच वाढतो, त्यामुळे मेलिफेरासारखी पेटी कोलमडत नाही. उलट उग्र वासाने सातेरी घर सोडून जाईल, ती तशीही लवकर रुसते. अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मरत असतील तर मात्र ते वेगळं, थाई सॅकब्रूड नावाचा व्हायरस, त्याला ॲसिडचा उपयोग नाही. अशा पेटीतल्या फ्रेम दुसरीकडे देऊ नका.

प्रश्न : वरोवासाठी पेटीत थायमॉल लावलं, आता मधाला ओव्याचा वास येतोय. विकू का? – एक वाचक, जि. अहिल्यानगर

उत्तर : विकू नका. थायमॉल म्हणजे ओव्याचं सत्त्वच, ते मधात आणि मेणात उतरतं. तो मध त्याच माशांना पावसाळ्यात खायला ठेवा. पुढे थायमॉल मध काढून झाल्यावरच लावा, १५ ते ३० अंशांत, फार उकाड्यात त्यानेही माशा बाहेर येतात.