वार्षिक परीक्षेपूर्वी गणिताची उजळणी

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. वार्षिक परीक्षेसाठी तिच्याकडून सगळे सरावसंच पुन्हा सोडवून घ्यावेत का?

उत्तर : तशी गरज नाही. आधी वर्षभरातील तपासलेल्या उत्तरपत्रिका काढून प्रत्येक चूक आकडेमोडीची की संकल्पनेची, हे तिच्याकडूनच ठरवून घ्यावे, कारण संकल्पनेची चूक तेच उदाहरण अनेकदा गिरवूनही बहुधा तशीच राहते. १/२ + १/३ = २/५ असे तिने लिहिले असेल, तर लगेच लसावि काढायला लावू नये (पालकांना तीच घाई असते); २/५ हे अर्ध्याहूनही कमी आहे, मग अर्ध्यात भर घालून ते कसे मिळेल, असे विचारावे. त्यानंतर समान छेद करून ५/६ काढणे तिला अर्थपूर्ण वाटेल. रोज निरनिराळ्या प्रकरणांतील थोडी उदाहरणे मिसळून द्यावीत, म्हणजे रीत तिलाच ओळखावी लागेल.