इंग्लंडमध्ये सपोर्टेड लिव्हिंगमध्ये सपोर्ट वर्करचं काम कसं असतं? अनुभव नसताना जमेल का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलात, घराजवळच्या सपोर्टेड लिव्हिंगची (मदतीची गरज असलेली माणसं स्वतःच्या भाड्याच्या घरात राहतात, त्या सोयीची) जाहिरात पाहिली, केअरचा कागदोपत्री अनुभव नाही, पण सासऱ्यांचं अंथरुणावरचं आजारपण तुम्हीच काढलं. जमेल का, ‘सगळं’ करावं लागतं का, आणि घरच्यांना काय सांगायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

जमेल. पण सासऱ्यांचं केलंत म्हणून जमेल, हे मला मान्य नाही. सुरुवातीला तीच सवय आडवी येते. माझं बरंचसं उत्तर त्याबद्दलच आहे.

मी मूळची सांगलीची, बी.कॉम. झालेली. मिडलंड्समधल्या एका गावात गेली काही वर्षं हेच काम करते. आमच्याकडच्या माणसांबद्दल बाहेर बोलायचं नसतं, त्यामुळे खालचे तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत.

आधी जागा समजून घ्या, कारण केअर होम वेगळं आणि हे वेगळं. केअर होममध्ये खोली आणि देखभाल एकत्रच मिळते. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये राहणारा माणूस भाडेकरू असतो. करार त्याच्या नावावर, भाडं बहुतेकदा काउन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) हाउसिंग बेनिफिटमधून, म्हणजे भाड्यासाठीच्या सरकारी मदतीतून. आमचा पगार ज्यातून निघतो तो पैसा काउन्सिलचाच सोशल केअर विभाग मंजूर करतो, 2014 च्या केअर अ‍ॅक्टप्रमाणे त्या माणसाची गरज तपासून. घर एका संस्थेचं, आम्ही दुसऱ्या कंपनीचे. केअर क्वालिटी कमिशनचे, म्हणजे केअर सेवा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे, लोक येतात ते अंघोळ-औषधं वगैरे आमची सेवा तपासायला. घर त्यांच्या अखत्यारीत येत नाही. ही कागदावरची भानगड वाटेल, पण आमचं रोजचं वागणं यावरच ठरतं. मी कामावर जाते ते दुसऱ्याच्या घरी. दार वाजवून, ‘येऊ का’ विचारून आत जायचं. त्याच्या फ्रिजमधलं दूध माझ्या चहात घालायचं नाही. सोफा कुठे ठेवायचा हे त्याने ठरवायचं, माझ्या हूवरला (व्हॅक्युम क्लीनरला) अडचण होत असली तरी.

राहणारे कोण? बहुतेक बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ, काही ऑटिझमचे, काही स्किझोफ्रेनियातून सावरलेले, एखाद्याच्या मेंदूला अपघातात इजा झालेली. पंचविशीतली मुलं आहेत तशी सत्तरीतली माणसंही आहेत. त्या वयातल्या काहींची उमर गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळांत गेली, चाळीस खाटांच्या वॉर्डात, कपडेसुद्धा सामाईक. ती इस्पितळं बंद होत गेली तशी ही छोटी घरं आली. तरीही 2011 साली ब्रिस्टलजवळच्या विंटरबर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने कर्मचारी रुग्णांना मारहाण करताना टिपले आणि पुढच्या वर्षी अकरा जणांना शिक्षा झाली. तुमच्या ट्रेनिंगमध्ये ते नाव येईलच. आपल्या हातात असलेली माणसं तक्रार करू शकत नाहीत, तेव्हा काय काय होऊ शकतं हे कळायला ते प्रकरण नीट वाचून ठेवा.

आता सवयीबद्दल. आपल्याकडे सेवा म्हणजे समोरच्याला हलूसुद्धा न देणं. सासऱ्यांनी हात पुढे करायच्या आत पाण्याचा पेला हातात. गोळी तोंडाजवळ. ‘तुम्ही बसा हो, मी करते.’ ब्युरोतून आणलेल्या मावशीही तेच करतात, आणि जी जास्त करते ती चांगली. इथे असं वागलात तर पहिल्याच सुपरव्हिजनमध्ये (कामाच्या आढाव्याच्या बैठकीत) मॅनेजर शांतपणे विचारेल, ‘हे त्याला स्वतःला येत नाही का?’

आमच्याकडे एक साठीतले गृहस्थ आहेत. शर्टाची बटणं लावायला त्यांना पंधरा मिनिटं लागतात. मी लावली तर अर्धं मिनिट. खाली मिनीबस उभी, ड्रायव्हर घड्याळ बघतोय, आणि मी हात मागे बांधून उभी. ‘खालचं बटण राहिलं का?’ एवढंच बोलायचं. बोट लावायचं नाही. माझ्या मते या कामात सर्वात अवघड तेच आहे. उचलणं, पुसणं हे महिनाभरात अंगवळणी पडतं, हात आवरणं मात्र पडत नाही. पण मी बटणं लावत गेले असते तर वर्षभरात त्यांची बोटं ते विसरली असती आणि केअर प्लॅनमध्ये (कुणाला कसली मदत द्यायची त्या कागदात) आणखी एक ‘मदत लागते’ वाढलं असतं. एकदा वाढलेलं सहसा कमी होत नाही.

याच्या पुढची पायरी खाण्याची. मधुमेह असलेल्या एक बाई दर शुक्रवारी स्वतःच्या पैशाने डोनट घेतात. माझ्यातली सून म्हणते, पाकीट काढून घे. 2005 चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट, म्हणजे माणसाच्या निर्णय घेण्याच्या क्षमतेबद्दलचा कायदा, म्हणतो, थांब. त्या कायद्याची पाच तत्त्वं तुम्हाला पाठ करावी लागतील. त्यातलं मला सगळ्यात उशिरा पचलेलं हे: एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं मानायचं नाही. डोनट खाल्ल्याने साखर वाढेल हे त्या बाईंना समजतं, लक्षात राहतं, त्यावर विचार करून त्या ‘तरी हवा’ म्हणतात. मग तो त्यांचा अधिकार. मी काय करायचं? चित्रं दाखवून पुन्हा समजावायचं, दोनऐवजी एक घेता का विचारायचं, डायबेटिस नर्सला कळवायचं, आणि नोंद करायची. हीच बाई मोठ्या ऑपरेशनला संमती देऊ शकतील का, हा वेगळा प्रश्न. क्षमता प्रत्येक निर्णयापुरती तपासतात, माणसावर एकदाच शिक्का मारत नाहीत. आणि क्षमता नाहीच असं ठरलं तर निर्णय त्यांच्या हिताचा आणि त्यांना कमीत कमी बांधून टाकणारा घ्यावा लागतो, घरच्यांना आणि डॉक्टरांना विचारून.

मोकळीक म्हणजे दुर्लक्ष असा याचा अर्थ काढू नका. बाथच्या पाण्यात थर्मामीटर घालायचाच, 44 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण चटका बसला हे सगळ्यांनाच ओरडून सांगता येत नाही. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्यासाठी स्पीच थेरपिस्ट अन्न किती मऊ आणि पाणी किती दाट हे पातळी ठरवून लिहून देते. तिथे ‘एक घास काय होतोय’ चालत नाही, घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया. फेफऱ्याचा झटका पाच मिनिटांच्या वर गेला की 999 ला (इथल्या आणीबाणीच्या नंबरला) फोन, मग घड्याळ बघणारं कोणीतरी हवंच.

आणि तुमच्या ‘सगळं’चं उत्तर: हो, काहींचं सगळं करावं लागतं. शी, शू, पॅड बदलणं, पाळी. ग्लोव्हज, अ‍ॅप्रन, दार लोटलेलं, आणि काय करतोय ते आधी सांगत सांगत. पुरुषांचं करायला लागेल का, हे मुलाखतीतच विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. काही घरांत बायकांचं बायकाच करतात, काहींत तशी सोय नसते. किळस लवकर जाते. उलट शी हा आमच्याकडे गंभीर विषय आहे. भिंतीवर ब्रिस्टल स्टूल चार्ट असतो, सात प्रकारांची चित्रं, आणि प्रत्येक शिफ्टला नोंद. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. बद्धकोष्ठाने माणूस दगावू शकतो, विशेषतः क्लोझापिनसारखी स्किझोफ्रेनियावरची औषधं चालू असतील तर, हे नंतर कळलं.

बोलता न येणाऱ्यांच्या बाबतीत तर तुमचे डोळे हेच निदानाचं पहिलं यंत्र. एक मुलगा अचानक स्वतःच्या कानावर थपडा मारायला लागला. डॉक्टरांच्या रिसेप्शनवर ऐकायला मिळालं, ‘ऑटिझम आहे ना, होतं असं.’ आम्ही आठवड्याभराच्या नोंदी पुढे ठेवल्या: जेवताना जास्त, उजव्या बाजूलाच, रात्री झोप नाही. दाढ किडली होती. बौद्धिक अक्षमता असलेली माणसं या देशात इतरांपेक्षा सरासरी सुमारे वीस वर्षं आधी जातात. त्यातले बरेच मृत्यू वेळेवर उपचार झाले असते तर टळले असते. म्हणून वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्यांना जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) वार्षिक तपासणीचा हक्क आहे. ती तारीख चुकू न देणं हे आमचं काम.

नोंदींवरून आठवलं, लिहिणं भरपूर. औषधाच्या चार्टवर सही, माणसाने घेतलं नाही तर त्याचा कोड. त्याच्या पैशांचा हिशेब पेनीपर्यंत, पावतीसकट. मारामारी झाली तर आधी काय घडलं, मग काय, नंतर काय. ‘तो आज चिडचिडा होता’ असं लिहिलेलं चालत नाही. काय पाहिलं ते लिहायचं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, मराठी माध्यमवाल्यांनी घाबरू नये. (स्टाफच्या किचनमध्ये फोडणी देऊ नका मात्र. स्मोक अलार्म सगळ्या घराचा एकत्र वाजतो आणि रात्री नऊ वाजता सगळ्यांना पायजम्यात बाहेर उभं राहावं लागतं.)

वाईट बाजू. पैसे कमी. आमच्यासारख्यांचे दर किमान वेतनाच्या जेमतेम वर असतात; एप्रिल 2025 मध्ये ते ताशी 12.21 पौंड झालं होतं. आठवडाअखेर, ख्रिसमस, सगळं रोटावर (ड्यूटीच्या वेळापत्रकावर). दिवाळीची सुट्टी आधी मागून ठेवली तर मिळते. स्लीप-इन म्हणजे तिथेच झोपायचं आणि गरज पडली तर उठायचं. झोपेच्या तासांना किमान वेतन लागू नाही, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये दिला, त्यामुळे रात्रीची एक ठरलेली रक्कम मिळते. चावे, ओरखडे, कातडीच्या रंगावरून शिव्या हेही होतं. शिवी देणाऱ्याला अर्थ कळत नसेल तर माझा राग टिकत नाही. अर्थ कळून देणारा एखादा शेजारी असतो, त्याचा टिकतो.

कागदपत्रांचं सोपं आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या डिपेंडंटला (नवऱ्याला किंवा बायकोला) जवळपास कुठलंही काम करता येतं, कंपनीची स्पॉन्सरशिप लागत नाही. एनहान्स्ड डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची) होईल, भारतातलं पोलीस क्लिअरन्स मागू शकतात. दोन रेफरन्स लागतात, जुन्या शाळेच्या किंवा ऑफिसच्या पत्रावर भागतं. केअर सर्टिफिकेट, म्हणजे या कामाचं मूलभूत ट्रेनिंग, कंपनी कामावर असतानाच करून घेते. भारतीय लायसन्स इथे वर्षभर चालतं, तेवढ्यात इथलं काढा. बऱ्याच जाहिरातींत ड्रायव्हिंग मागतात. हे भारतातून वाचणाऱ्या कुणासाठी: केअर वर्कर म्हणून परदेशातून नवी भरती 22 जुलै 2025 पासून बंद आहे. त्या नावाखाली कोणी लाखांत पैसे मागत असेल तर देऊ नका.

घरच्यांचं. माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं, ‘इतकं शिकून लोकांची शी काढणार?’ मी वाद घातला नाही. पुढच्या भेटीत त्यांनीच त्यांच्या भाच्याचा विषय काढला. तो चाळिशीचा आहे, बोलत नाही, आईबाप सत्तरीला आले. ‘तुमच्याकडे अशी माणसं वेगळी राहतात म्हणे, मग त्यांना जेवायला कोण घालतं?’ महाराष्ट्रात असं मूल असलेल्या प्रत्येक घरात ‘आमच्यानंतर काय’ हा प्रश्न असतो. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने कायदेशीर पालक नेमता येतो, पण पालक नेमला म्हणजे राहायची सोय झाली असं होत नाही. सासूबाईंना मी आमच्या घराचा दिवस कसा जातो ते सांगितलं. तेव्हापासून त्या नातेवाइकांना माझं काम स्वतःच समजावतात, थोडं फुगवून.

मुलाखतीत हमखास विचारतात: भाडेकरू चार दिवस अंघोळीला नाही म्हणतोय, काय कराल? ‘समजावून घालीन’ म्हणू नका. का नाही म्हणतो ते शोधीन, पाणी, वेळ, माणूस बदलून बघीन, नोंद ठेवीन, सीनिअरला सांगीन, असं सांगा. त्यानंतर तुम्ही विचारा: शॅडो शिफ्ट (जुन्या माणसासोबत राहून शिकायच्या) किती मिळतील, रात्री घरात किती जण असतात, आणि स्लीप-इनला उठावं लागलं तर त्या तासांचे पैसे वेगळे मिळतात का. शेवटच्याचं उत्तर लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.