सायकल सल्ला: रिकामं फिरणारं फ्रीव्हील

प्रश्न : जुन्या गिअरच्या सायकलला सनटूर कंपनीचं पाच चकत्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा, एकाच दिशेने पकडणारा दातेरी चकत्यांचा गठ्ठा) आहे. पॅडल मधूनच रिकामं फिरतं. बदलायला कुणी फ्रेंच आट्याचं देऊ करतंय. घ्यावं का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आतलं ग्रीस वाळलं की कुत्री (फ्रीव्हीलमधले छोटे खटके) चिकटून बसतात, दात पकडत नाहीत. उन्हाळ्यात पडून राहिलेल्या सायकलींचं हे नेहमीचंच दुखणं. आधी न खोलता मागच्या फटीतून रॉकेल सोडा, फिरवत राहा, काळं पाणी थांबलं की निथळवून शिलाई मशीनचं पातळ तेल घाला. ग्रीस मुळीच नको.

तरीही घसरलं तरच खोला. दोन भोकांच्या झाकणाला उलटे आटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. खाली परात ठेवाच! १/८ इंची छर्रे मोहरीसारखे पसरतात. झाकणाखालचे पातळ वायसर जपा. एक हरवला तरी झाकण कसल्यावर फ्रीव्हील जाम होतं. कुत्र्यांची टोकं झिजली असतील तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका.

अख्खं फ्रीव्हील चाकावरून काढताना दोन की चार खाचा आहेत ते बघून तसाच पुलर (खाचांत बसणारं, फ्रीव्हील काढायचं हत्यार) घ्या आणि तो एक्सलच्या नटाने दाबून धरा. नाहीतर खाचा तुटतात, मग ते विकतानाही कुणी विचारत नाही.

फ्रेंच नकोच. त्याच्या आट्यांचा व्यास ३४.७ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी. तुमच्या हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) बहुधा १.३७ इंच, इंचाला २४ आटे. दोन फेऱ्यांत अडकेल, जोर लावलात तर हबच जाईल.